आळशी माणसाचा कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या कॉम्प्युटरची इंटरनेटपासून सुरक्षा’. तो मी घेणार आहे, काळजी नको. त्याआधी जरा हात वर करा बघू. कोणाकोणाच्या पासवर्डच्या शेवटी एखादा आकडा आहे? वा, निम्मं सभागृह. आणि त्यातल्या कितीजणांचा तो आकडा जन्मसाल आहे? (हशा) बघा, पाच मिनिटांपूर्वी ओळख झालेल्या माणसानं विचारलं आणि तुम्ही भर सभेत सांगून टाकलंत. अजून मी तुम्हाला घाबरवलेलंसुद्धा नाही. चोर आधी घाबरवतो, मग विचारतो.

मी हसतोय, पण माझा राग तुमच्यावर नाही. माझा राग ‘सावध राहा’ या सल्ल्यावर आहे. या विषयावरचं कुठलंही भाषण ऐका, शेवटी हेच. अहो, माणूस कितीवेळ सावध राहील? दिवसाला पन्नास मेल येतात, त्यातला एक खोटा. डोळ्यांत झोप असते, फोन वाजत असतो, आणि नेमका तोच उघडला जातो. म्हणून माझं म्हणणं असं, की आपण आळशी आणि विसराळू आहोत हे एकदा कबूल करावं आणि मग घरच्या कॉम्प्युटरची व्यवस्था लावावी.

हे शहाणपण मला नोकरीत आलं. आमच्या कार्यालयात दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम होता. मोठं अक्षर हवं, लहान हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि मागचे पाच पासवर्ड चालणार नाहीत. मी काय केलं? एक शब्द धरला आणि पुढे आकडा लावला. एक, दोन, तीन. कंटाळा आला तेव्हा एका दुपारी लागोपाठ सहा वेळा बदलला आणि फिरून जुन्यावर आलो. फार हुशारी वाटली स्वतःची. महिन्याभरात परिपत्रक निघालं, की एकदा बदललेला पासवर्ड त्या दिवशी पुन्हा बदलता येणार नाही. म्हणजे हा उद्योग करणारा मी एकटा नव्हतो! मग आलो मुकाट्यानं आकड्यांवर. निवृत्त झालो तेव्हा एक्केचाळिसावर होतो. माझी सेवाज्येष्ठता पासवर्डवरून मोजता आली असती. आणि शेजारच्या टेबलावर पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवलेली असायची, कारण लक्षात कुणाच्या राहणार?

आता गंमत ऐका. हे नियम जगभर पसरले त्याला मोठा हातभार लावला तो अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेच्या २००३ च्या एका मार्गदर्शिकेनं. ती लिहिणारे बिल बर. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, या गृहस्थांनी वर्तमानपत्राला मोकळेपणानं सांगितलं, की आपण तेव्हा जे सुचवलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. खऱ्या पासवर्डांची पुरेशी माहिती हाताशी नव्हती, त्यामुळे १९८०च्या दशकातल्या एका जुन्या टिपणावर बरीच भिस्त ठेवावी लागली होती. माणूस प्रामाणिक, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण माझे एक्केचाळीस पासवर्ड कोण परत देणार?

आणि तोवर उलटा पुरावाही आला होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बंद झालेल्या सुमारे दहा हजार खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड माहीत असेल, तर साधारण सतरा टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचाच्या आतल्या अंदाजांत सापडत होता. साहजिक आहे, सत्ताविसाच्या पुढे अठ्ठावीस येतो हे कळायला संगणकशास्त्र लागत नाही. २०१७ मध्ये निस्टनंही भूमिका बदलली. पासवर्ड फुटल्याची शंका असेल तरच बदलायला लावा, उगाच तारखेवर नको, आणि चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी महत्त्वाची. आमच्या कार्यालयात ही बातमी पोचली का, ते विचारू नका.

काय? चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ बरं बरं, घेतो विषय.

पहिलं, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम. प्रत्येक ठिकाणचा वेगळा, लांबलचक पासवर्ड तोच बनवतो आणि लक्षात ठेवतो. तुम्ही एकच मोठा पासवर्ड पाठ करायचा. पण त्याचा खरा गुण लोक सांगत नाहीत. बँकेसारखंच दिसणारं खोटं पान समोर आलं तर डोळा फसतो. मॅनेजर त्या साइटचा पत्ता अक्षरानं अक्षर ताडतो आणि जुळला नाही तर रकाना कोराच ठेवतो. तो कोरा राहिला की समजा, कुठेतरी पाणी मुरतंय. ईमेलच्या खात्याला मात्र दुसऱ्या टप्प्याची तपासणी लावाच, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही विचारला जातो. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथंच येतात.

दुसरं, अपडेट. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं दीडशेच्या आसपास देशांतल्या कॉम्प्युटरांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. म्हणजे एकोणसाठ दिवस आधी! बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथं झोपा दारात आणून ठेवलेला होता, उचलून लावायचा तेवढा राहिला. तुम्ही म्हणाल, हा आळसच झाला की. झालाच! म्हणून तर लावायचं काम आपल्याकडे ठेवायचंच नाही. अपडेट आपोआप होऊ द्या, ब्राउझरचंही. आणि विंडोज १० चं नेहमीचं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलंय, ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याची सोय बघा.

तिसरं, रोजच्या कामाला साधं खातं वापरा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हवे ते बदल करू देणारं, खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा. एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मुळाशी हात घालायला लागला की कॉम्प्युटर तो पासवर्ड मागतो, आणि तो शोधायला उठावं लागतं. त्या उठण्यातच विचार करायला वेळ मिळतो.

पण साध्या खात्यातून घुसलेला चोरही तुमचे फोटो कुलूपबंद करू शकतो, म्हणून चौथं, बॅकअप, म्हणजे फायलींची जास्तीची प्रत. बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घेऊन झाला की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तिच्यावरच्या फायलीही त्याच कुलपात जातात.

राउटर राहिला, घरात वायफाय देणारा तो डबा. त्याच्या सेटिंगचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मधल्या ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमनं कंपन्यांनी दिलेल्या नाव-पासवर्डाच्या साठेक ठरावीक जोड्यांच्या यादीवर लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते. अँटीव्हायरस? विंडोजमध्ये येतो तो घरापुरता पुरतो, फक्त चालू ठेवा. ब्राउझरमध्ये ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू आहेत, या नंबरवर फोन करा’ असं लाल पान किंचाळू लागलं तर ते पान बंद करा. नंबर लावू नका. होत नसेल बंद, तर कॉम्प्युटरच बंद करा.

एक प्रश्न घेतो. हां, मागच्या काकू. “मी सगळे पासवर्ड वहीत लिहिलेत, ती फाडून टाकू का?” अजिबात नको! स्क्रीनवरची चिठ्ठी येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचतो. कपाटातल्या वहीपर्यंत इंटरनेटवरच्या चोराचा हात पोचत नाही. खुशाल ठेवा, फक्त वरती ‘पासवर्ड’ असं लिहू नका. लिहिलंय? मग त्यावर एक लेबल चिकटवा, ‘जुने हिशेब’. कोणी उघडत नाही.