पुढची रांग रिकामी का?

नमस्कार मंडळी,

आधी एक तक्रार. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि मागे लोक भिंतीला टेकून उभे आहेत. कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: "अगदी पुढे नको वाटलं, एवढंच." मागे दाटी व्हावी असं कुणाच्याच मनात नव्हतं. तरी झाली.

थॉमस शेलिंग हे अर्थतज्ज्ञ अशाच कोड्यांच्या मागे लागले होते. १९७१ साली त्यांनी एक साधा खेळ मांडला. पटावर दोन रंगांच्या सोंगट्या विखुरलेल्या. नियम एवढाच, की शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्या रंगाचे हवेत; नसतील तर उठून दुसरी मोकळी जागा धरायची. यात द्वेष नाही. आपण संख्येने कमी असलो तरी प्रत्येकाला चालतंय. पण थोड्याच वेळात पटावर वेगवेगळ्या वस्त्या पडतात. (खऱ्या शहरांतली विभागणी इतकी निरागस नसते. अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या लोकांची विभागणी सरकारी धोरणांनी आणि कर्ज नाकारणाऱ्या बँकांनीही घडवली. शेलिंग यांचा पट त्यावर पांघरूण म्हणून कुणी वापरू नये.)

मला जास्त भावतं ते समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८ मधलं गणित. चौकात १०० माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता दगड उचलतो. दुसऱ्याला आधी एक जण लागतो, तिसऱ्याला दोन, असं करत शेवटच्याला ९९. एकापाठोपाठ सगळे उठतात, दंगल पेटते. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याला एकाऐवजी दोघं लागतात. पहिला दगड भिरकावतो आणि तिथेच सगळं थांबतं. ९९ माणसं तीच आहेत! बातमीत मात्र पहिला जमाव माथेफिरूंचा ठरेल आणि दुसरा सज्जनांचा, ज्यात एकच डोकं फिरलेला होता.

म्हणून "आपले लोक असेच" हे वाक्य कानावर आलं की मी जरा सावध होतो. मीही ते म्हणतो, नाही असं नाही. पण कुणी काय केलं यावरून त्यांच्या मनात काय होतं, ते कळत नाही.

आता उलटी बाजू. समजा, त्या पटावरच्या सगळ्यांची मनं रातोरात मोठी झाली, शेजारी कुणीही असो, चालेल असं झालं. वस्त्या मिसळतील? नाही. जो तो आपल्या जागी सुखात आहे, उठायला कारणच उरलेलं नाही. आणि सोंगट्यांच्या जागी माणसं धरली, तर त्यांची मुलं तिथेच वाढणार, खेळायला आपल्यासारखेच सवंगडी मिळणार आणि पुढे घर शोधताना "इथे ओळखीचं वाटतं" म्हणून तीच मुलं तीच वस्ती निवडणार. आजोबा तिथे का आले होते, हे तोवर घरात कुणाला ठाऊकही नसतं.