त्रेंतोचा सिमोन : एका खोट्या आरोपाचे आयुष्य

उत्तर इटलीत, अदिजे नदीच्या खोऱ्यात वसलेल्या त्रेंतो शहरात पालाझ्झो साल्वादोरी नावाची जुनी हवेली आहे. तिच्या दर्शनी भागावरील दगडी शिल्पांत एका लहान मुलाची हत्या आणि त्याचा गौरव कोरलेला आहे. तो मुलगा खराखुरा होता. त्याच्या हत्येची जी कथा या दगडात कोरली गेली, ती मात्र रचलेली होती.

1475 च्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, सिमोन नावाचे सुमारे अडीच वर्षांचे मूल नाहीसे झाले आणि रविवारी त्याचे प्रेत सामुएल या ज्यू सावकाराच्या घराखालून वाहणाऱ्या पाण्यात आढळले. अधिकाऱ्यांना ही खबर ज्यूंनी स्वतःच दिली आणि खबर देणारेच आरोपी ठरले. त्रेंतोमध्ये तेव्हा ज्यूंची जेमतेम तीन घरे होती. हात पाठीमागे बांधून दोराने वर टांगायचे, झटक्यात खाली सोडायचे आणि पुन्हा टांगायचे, अशा चौकशीतून हवे ते कबुलीजबाब मिळाले. सामुएलला जाळण्यात आले, इतर पुरुषांनाही देहान्ताची शिक्षा झाली.

ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या बेखमीर भाकरीत ख्रिस्ती मुलाचे रक्त मिसळले जाते, असा हा आरोप होता. ज्यूंनी ख्रिस्ती मुलाचा धार्मिक हेतूने बळी घेतल्याची कथा इंग्लंडमधील नॉरिच येथे 1144 मध्ये मेलेल्या एका मुलाभोवती रचली गेली होती आणि रक्ताचा तपशील तिला पुढे जोडला गेला. वास्तविक ज्यू धर्मशास्त्रात प्राण्याचे रक्तसुद्धा निषिद्ध आहे. मांसाला मीठ लावून त्यातील रक्त काढल्याशिवाय ते शिजवायचे नाही, हा नियम कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांनीही पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आहे. चौथ्या इनोसंट या पोपनेही 1247 मध्येच हा आरोप फेटाळला होता. म्हणजे सत्य उपलब्ध नव्हते असे नाही, ते कोणाला नको होते.

त्रेंतोच्या बाबतीतही शंका घेणारे होते. पोपने पाठवलेला प्रतिनिधी, बिशप बात्तिस्ता दे जुदिची, याला खटला संशयास्पद वाटला, परंतु शहरात राहून चौकशी करणे त्याला अशक्य झाले. त्रेंतोचा बिशप योहानेस हिंडरबाख याच्या हाती मात्र एक नवे साधन होते : छापखाना. सिमोनच्या हौतात्म्याच्या पुस्तिका आणि लाकडी ठशांवरची चित्रे आल्प्सच्या दोन्ही बाजूंना पसरली, 1493 मध्ये न्युरेम्बर्ग येथे छापलेल्या प्रसिद्ध इतिहासग्रंथातही तो प्रसंग चितारला गेला आणि ज्यांनी आयुष्यात कधी ज्यू माणूस पाहिला नव्हता, त्यांच्याही मनात त्याचा एक चेहरा तयार झाला. 1588 मध्ये रोमने सिमोनच्या उपासनेला रीतसर मान्यता दिली. यंत्रणाच ज्या गोष्टीवर शिक्का मारते, तिला अफवा म्हणण्याचे धाडस फार थोडे लोक करतात.

ही मान्यता रद्द व्हायला 1965 साल उजाडावे लागले. मूळ कागदपत्रांचा नव्याने अभ्यास झाला, खटला हाच अन्याय होता हे चर्चने स्वीकारले आणि सिमोनची उपासना थांबवण्यात आली. मधल्या काळात हाच आरोप 1840 मध्ये दमास्कसमध्ये आणि 1911 मध्ये कीव्हमध्ये झाला होता. 1946 मध्ये पोलंडमधील किएल्त्से शहरात एका मुलाला ज्यूंनी तळघरात कोंडल्याची आवई उठली आणि नाझी छळछावण्यांतून वाचून आलेल्यांसह सुमारे 42 ज्यू मारले गेले. ज्या इमारतीकडे त्या मुलाने बोट दाखवले होते, तिला तळघरच नव्हते.

27 एप्रिल 2019 रोजी, वल्हांडण सणाच्या शेवटच्या दिवशी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पोवे येथील सिनेगॉगमध्ये एका 19 वर्षांच्या तरुणाने गोळीबार करून एका स्त्रीचा जीव घेतला. इंटरनेटवर त्याने आधीच टाकलेल्या पत्रात त्रेंतोच्या सिमोनचे नाव होते. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन बालकाचे नाव या तरुणाला शाळेने शिकवले नसणार. द्वेषाची स्वतःची पाठशाळा असते आणि आता तिला छापखान्याचीही गरज उरलेली नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्रेंतोच्या धर्मप्रांतीय संग्रहालयाने, निरपराध माणसांना अपराधी कसे बनवले गेले, हे उलगडणारे प्रदर्शन भरवले. काही महिन्यांतच, मार्च 2020 मध्ये, एका इटालियन चित्रकाराने फेसबुकवर आपले नवे चित्र प्रसिद्ध केले. त्यात मधोमध ते मूल होते, भोवती हसणारे ज्यू होते आणि शीर्षकात सिमोनला पुन्हा संत म्हटले होते.