घास अडतो तेव्हा

यावल तालुका. मागे केळीचे बाग, अंगणात खाट. आईच्या मांडीवर आडवा घेतलेला अडीच वर्षांचा मुलगा, वाटीत दुधात कुस्करलेलं केळं. आता कान देऊन ऐका. घोट गेला आणि पाठोपाठ बारीक खोकला. रडला, तर आवाज ओला, घशात पाणी खुळखुळावं तसा.

"पोऱ्या खास नही," आई सांगते. म्हणजे पोरगा खात नाही. आजी म्हणते, हट्टी आहे. हा हट्ट नाही. त्याला गिळायला जमत नाही.

घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचं तोंड मिटतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बाळाला गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्यापासून जमू लागतो. हा मुलगा त्याआधीच जन्मला, पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहण्याचं, निदान झालं. दूध छातीत गेलं की न्यूमोनियाचा धोका. काही मुलं तर खोकतही नाहीत, आणि खरी भीती त्यांचीच.

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतात असं आपण समजतो. गिळणंही त्याच तपासतात. यंत्राआधी त्या अख्खं जेवण बघतात: अर्ध्या तासाहून जास्त लागतो का, मूल थकतं का, वजन वाढतंय का. शंका उरली, तर एक्स-रेत दिसणारं बेरियम मिसळलेला घास देऊन, तो कुठून कसा जातो ते चालत्या एक्स-रेवर पाहतात.

फळीवर बोंडलं आहे, तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं भांडं. आजीनं चार लेकरं त्यावरच वाढवली.

"ताई, याला आडवं घेऊन ओतू नका. आणि नाक दाबून तर कधीच नको," थेरपिस्ट आईला सांगतात.

आता तो छोट्या खुर्चीत ताठ बसतो. दोन्ही बाजूंना गोधडीच्या घड्या, पावलांखाली पाट, हनुवटी किंचित खाली. दूध किती दाट करायचं, ते तपासणीनंतरच ठरलं. मनानं पीठ घालणं धोक्याचं, अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्याला तर फारच.

तिकडे नंदुरबारच्या डोंगरात, धडगावच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी यायचं, तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिली पारख अंगणवाडीतच व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३पासून तिथे मुलं तपासायला येतात. त्यांना वजनाबरोबर जेवतानाचा खोकलाही सांगा.

आई चपटा चमचा खालच्या ओठावर टेकवते. थांबते. ओठ मिटतात, घास जातो. दुसरा जातो. तिसऱ्याला तो खोकतो. आई वाटी खाली ठेवते, त्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास सावरायची वाट बघते.