मेलेल्या ताऱ्यावरचं कॅल्शियम

श्रोतेहो, नमस्कार. मीन राशीत, आपल्यापासून १४ प्रकाशवर्षांवर एक मेलेला तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. डच खगोलशास्त्रज्ञ व्हान मानेन यांनी १९१७ साली तो हेरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर ॲडम्स यांनी काचेच्या प्लेटवर त्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा रंगांत विखुरलेला पट्टा, टिपला. प्रत्येक मूलद्रव्य या पट्ट्यावर आपल्या ठरावीक रेषा सोडतं. त्यात कॅल्शियमच्या रेषा ठळक उमटल्या होत्या. सूर्याहून थोडा तप्त, साधासुधा तारा असावा, अशी नोंद झाली. त्या रेषांचं खरं मोल कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

हा तारा म्हणजे श्वेत बटू. सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपतं, बाहेरचे थर उडून जातात आणि मागे उरतो तो गाभा. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याच्या निम्म्याहून जास्त. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळपास लाखपट! एवढ्या ओढीत जड मूलद्रव्यं वर टिकत नाहीत, तळाशी जातात. कुठे काही दिवसांत, कुठे लाखो वर्षांत. पण ताऱ्याचं वय अब्जांत मोजायचं, तिथे लाखांची काय कथा? पृष्ठभागावर निव्वळ हायड्रोजन किंवा हेलियम उरायला हवा. मग हे कॅल्शियम कुठून आलं?

बाहेरून. तारा मेला तरी त्याचे दूरचे ग्रह तगतात. ते एखाद्या लघुग्रहाची कक्षा बिघडवतात, तो ताऱ्याच्या फार जवळ जातो, फुटतो आणि त्याचा चुरा ताऱ्यावर पडत राहतो. ही नुसती कल्पना नव्हे. कन्या राशीतल्या एका श्वेत बटूभोवती साडेचार तासांत फेरी मारणारा, फुटत चाललेला पिंड २०१५ साली केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांत सापडला.

मला खरी गंमत वाटते ती या चुऱ्याच्या हिशेबाची. आपल्याच पृथ्वीत माणूस जेमतेम १२ किलोमीटर खोल भोक पाडू शकला. गाभ्याचं सगळं ज्ञान आडून मिळवलेलं. इथे मात्र परक्या खडकाचं पोटच उघडं पडतं. बहुतेक ठिकाणी ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांचं प्रमाण पृथ्वीच्या खडकांशी जुळतं. कुठे लोह फार जास्त भरतं. म्हणजे तो पिंड कधीकाळी वितळला होता, लोह तळाशी बसून त्याला गाभा तयार झाला होता.

आणि २०१३ साली एका श्वेत बटूवर ऑक्सिजनच जास्त निघाला. खडकात धातूंशी जोडलेला असतो तेवढा ऑक्सिजन वजा केला, तरी उरलाच. तो पाण्यातला होता. फुटलेल्या त्या लघुग्रहाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा पाणी होतं.