कोच बोलतो कुणाशी?

मंडळी, निमंत्रणात माझ्या भाषणाचा विषय दिलाय 'फुटबॉल प्रशिक्षक, पत्रकार परिषद आणि खेळाडूंचं मनोबल'. तीन विषय दिसतात, पण माझ्या लेखी तो एकच आहे. गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्याला मी हेच सांगत आलोय, आज तुम्ही समोर आहात. कोच माइकसमोर बसतो तेव्हा प्रश्न पत्रकार विचारतो, उत्तर छापलंही जातं पत्रकाराच्याच नावानं. पण ते उत्तर ज्याच्या काळजाला लागतं, तो त्या खोलीत नसतोच. तो हॉटेलच्या पलंगावर पडून मोबाइल बघत असतो.

गप्प बसायची सोय कोचला राहिलेली नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत, सामन्याच्या आदल्या दिवशी कोचनं एका तरी खेळाडूला घेऊन पत्रकारांसमोर बसायचं, हा नियमच आहे. सामना संपला की घाम पुसायच्या आत कॅमेऱ्यापुढे मुलाखत, मग पुन्हा परिषद. मँचेस्टर युनायटेडचे कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन बीबीसीशी 2004 ते 2011 अशी सात वर्षं बोलले नाहीत, सहायकाला पुढे पाठवत राहिले. पण तसं करायला फर्ग्युसनच असावं लागतं. बाकीच्यांना बोलावंच लागतं, म्हणून काय बोलायचं हे शिकावं लागतं.

आता माझी आवडती गोष्ट. अनेकांना ती ठाऊक असेल, तरी सांगतो.

13 जुलै 1997. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. फेडरेशन कपची उपांत्य फेरी, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. त्या दिवशी प्रेक्षक होते एक लाख एकतीस हजारांच्या वर. मोहन बागानचे कोच अमल दत्ता, ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. दोघांचं जन्माचं वैर आणि दोघंही थोर. दत्ता अभ्यासू, सतत नवं काही करून बघणारे. त्या मोसमात त्यांनी मैदानात खेळाडू उभे करायची 'डायमंड' रचना आणली होती आणि बागान गोलांचा नुसता पाऊस पाडत होतं. पीके म्हणजे 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघातले, 1962ला जकार्ताचं आशियाई सुवर्ण जिंकलेल्या संघातले. कोच म्हणून त्यांची ख्याती कशासाठी? ड्रेसिंग रूममधल्या बोलण्यासाठी. कोलकात्यात त्याला नावच पडलं होतं, 'व्होकल टॉनिक'. काय सुंदर शब्द आहे बघा! औषध तोंडानं द्यायचं आणि कानानं घ्यायचं.

तर सामन्याआधीच्या दिवसांत दत्तांनी पत्रकारांसमोर ईस्ट बंगालच्या खेळाडूंची खिल्ली उडवली. बायचुंग भुतियाला म्हणाले 'चुंग चुंग'. सॅमी ओमोलोला 'ऑम्लेट'. सोसो नावाचा खेळाडू होता, त्याला 'शोशा', म्हणजे बंगालीत काकडी. पत्रकार हसले, वर्तमानपत्रांनी चवीनं छापलं. तुम्हीही आत्ता हसलात, मला दिसलं. हसू येतंच त्याला. पण जरा बायचुंगच्या जागी बसून बघा. वय विशीचं. सिक्कीमहून आलेला पोरगा, आणि समोरच्या संघाचा बुजुर्ग कोच त्याच्या नावाची टिंगल करतोय. खेळाची नाही हं, नावाची! खेळावर टीका केली तर माणूस सराव करतो. नावावर केली तर तो वाट बघतो.

पीकेंनी त्या टिंगलीचंच टॉनिक बनवून पाजलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. ईस्ट बंगाल 4, मोहन बागान 1. बायचुंगची हॅटट्रिक.

आता कुणी म्हणेल, डायमंड रचनेत फटी होत्या, पीकेंनी त्या हेरल्या. अगदी मान्य. नुसत्या रागानं गोल होत नाहीत. पण प्रतिपक्षाच्या ड्रेसिंग रूमला आयतं इंधन पुरवलं ते दत्तांनी, तेही स्वतःच्या हातानं. इतका विद्वान माणूस! मला आजही याचं वाईट वाटतं, कारण त्या माणसाचं फुटबॉलवर जिवापाड प्रेम होतं आणि लोकांच्या लक्षात राहिली ती काकडी आणि ऑम्लेट.

दुसऱ्या संघाबद्दल बोलणं एक वेळ परवडतं. स्वतःच्या खेळाडूबद्दल बोलणं त्याहून महाग. इथं मला थोडं मागं जाऊ द्या. तरुणपणी मी एका संघाचा राखीव गोलरक्षक होतो. आमचा पहिला गोलरक्षक माझ्याहून कितीतरी चांगला. एका सामन्यात त्याच्या हातून चेंडू निसटला, आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये कोच त्याला एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचं वाक्य होतं, 'गोलकीपरनं सामना घालवला.' सरावाच्या आधी तो पोरगा बुटांची नाडी बांधत बसला होता, दहा मिनिटं एकच नाडी. पुढच्या सामन्यात मला संधी मिळाली आणि तिचा मला आनंद झाला नाही. कोचचं म्हणणं खोटं नव्हतंच. पण ते आधी त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. माझ्या या सगळ्या विचाराचं मूळ त्या नाडीत आहे.

मोठ्या कोचांकडूनही हे होतं. जिओव्हानी त्रापात्तोनी, बायर्न म्युनिकचे इटालियन कोच, 10 मार्च 1998. शाल्कंविरुद्ध हरल्यावर पत्रकार परिषदेत मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भडकले. खेळाडू रिकाम्या बाटलीसारखे खेळले म्हणाले, स्ट्रुन्झचं तर नाव घेऊन झोडपलं, आणि शेवटी 'इष हाबं फेर्टिष'. व्याकरण चुकलेलं, पण वाक्य जर्मन भाषेत कायमचं जाऊन बसलं. लोकांनी त्यांच्यावर प्रेमच केलं. त्या मोसमात बायर्ननं जर्मन कपही जिंकला. मात्र लीग गेली कायझर्सलाउटर्नकडे, जो संघ त्याच वर्षी खालच्या श्रेणीतून वर आला होता, आणि मोसम संपताच त्रापात्तोनी बायर्न सोडून गेले. इंग्लंडच्या चेल्सीचे कोच जोझे मोरिन्यो डिसेंबर 2015मध्ये लेस्टरविरुद्ध हरल्यावर म्हणाले, माझ्या कामाचा विश्वासघात झाला. चेल्सी गतविजेता होता आणि तेव्हा सोळाव्या स्थानावर. तीन दिवसांनी मोरिन्यो पदावर नव्हते.

न्यूकॅसलचे कोच केविन कीगन यांचं मात्र वेगळं. 29 एप्रिल 1996, टीव्हीवरची मुलाखत, कानाला हेडफोन, कॅमेऱ्याकडे रोखलेलं बोट, फर्ग्युसनवर राग. आपल्या खेळाडूंना त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही, आणि त्या रात्री न्यूकॅसल जिंकलं होतं! तरी खेळाडूंनी काय पाहिलं असेल? आपला कोच हादरलाय. जानेवारीत बारा गुणांची आघाडी होती. त्या मुलाखतीनंतरचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि विजेतेपद मँचेस्टर युनायटेडला गेलं. आघाडी आधीच वितळली होती, त्यामुळे मुलाखतीनं लीग घालवली असं मी म्हणणार नाही. पण भीती संसर्गजन्य असते आणि कोचच्या चेहऱ्यावरून ती सगळ्यात लवकर पसरते.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मनोबल कसं वाढवायचं, हे तर सांगायचंच राहिलं. भराभर सांगतो.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. येणं-जाणं, पाणी, पट्ट्या वजा केल्या तर कोचच्या वाट्याला येतात जेमतेम काही मिनिटं. त्यात दोनच गोष्टी मावतात. 2022च्या विश्वचषकात अर्जेंटिना 1-0 पुढे असताना सौदी अरेबियाचे कोच हर्वे रनार खेळाडूंवर ओरडले, मेसीजवळ नुसते उभे राहता, हवा तर मोबाइल आणून फोटो काढा त्याच्याबरोबर! ओरडणं सगळ्यांनी पाहिलं. पण त्यातली सूचना ऐका: चेंडू मेसीकडे असताना अंतर ठेवू नका. सौदी 2-1नं जिंकले. इस्तंबूल, 2005, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. लिव्हरपूल मध्यंतराला 0-3. त्यांचे कोच बेनितेझ यांनी हामानला आणून मागे तिघांची फळी केली, आणि शेवटी लिव्हरपूल जिंकलं. खेळाडूला धीर हवा असतो आणि काम हवं असतं. नुसता धीर दिला तर तो गोंधळतो.

आणि चारचौघांत अपमान नको. 2008च्या 26 डिसेंबरला हल सिटीचे फिल ब्राउन मध्यंतराला 0-4 असताना सगळ्या संघाला मैदानावरच बसवून, प्रेक्षकांसमोर बोलले. सामना 1-5नं गेला आणि हल त्या मोसमात खालच्या श्रेणीत जाण्यापासून फक्त एका गुणानं वाचलं. याउलट लेस्टरचे कोच रानिएरी आपल्या पोरांना म्हणाले, एक सामना गोल न खाता काढा, पिझ्झा माझ्याकडून. हे त्यांनी पत्रकारांनाही हसत सांगितलं. सगळ्यांना सांगता येईल असंच ते होतं, आणि त्याच मोसमात लेस्टर लीग जिंकलं.

शेवटचं एक, मग प्रश्न घेऊ. मे 2019, लिव्हरपूलला बार्सेलोनाविरुद्ध तीन गोलांची पिछाडी भरायची होती, साला आणि फर्मिनो दोघंही जायबंदी. त्यांचे कोच क्लॉप आदल्या दिवशी पत्रकारांना म्हणाले, जमलं तर उत्तम, नाही तर हरू या तेही सुंदर हरू या. खेळाडूंना म्हणाले, हे अशक्य आहे, पण तुम्ही आहात म्हणून शक्यता आहे. दोन खोल्या, सूर एकच. 4-0 झालं. त्यातले दोन गोल वाइनाल्डमचे, आणि तो मध्यंतरानंतर मैदानात उतरला होता. सामना संपल्यावर त्यानं कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितलं, मला बाकावर बसवलं म्हणून मी कोचवर चिडलो होतो. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती मुलाखत जरूर शोधून बघा.

हं, विचारा.