पंधरा दातांची फणी

नमस्कार मंडळी, आज जरा चावीच्या म्युझिक बॉक्सबद्दल बोलू. झाकण उघडलं की टिणटिण करत एकच गाणं वाजवणारा डबा सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि खरं सांगायचं तर दहाव्यांदा ऐकल्यावर त्याच गाण्याचा वैताग येतो. म्हणून मी जमवतो ते गाणं बदलता येणारे बॉक्स. डबा एक आणि गाणी हवी तेवढी, कपाटात जागाही वाचते. (घरच्यांना हे पटवायला वेळ लागला.)

आत काय असतं, तर पोलादाची फणी. लांब दात खालचा स्वर, आखूड दात वरचा. साध्या डब्यात खुंट्या ठोकलेला रूळ फिरतो आणि खुंटी दाताला छेडून जाते. आता गाणं बदलायचं तर काय बदलायचं? काहींमध्ये अख्खा रूळच काढून दुसरा बसवतात, स्वित्झर्लंडच्या सेंट-क्रॉइ गावातली र्‍यूज कंपनी, 1865 पासूनची, असे बॉक्स करते, देखणे पण खिशाला जड. दुसरा प्रकार डिस्कचा, म्हणजे रुळाऐवजी धातूची तबकडी फिरते. तो जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये 1880च्या दशकात रुजला, आणि तिथूनच अमेरिकेत रेजिना कंपनी निघाली. अमेरिकेतल्याच व्हरमाँटच्या पोर्टर कंपनीने आपल्या काळात नवे बॉक्स काढले त्यावर रेजिनाची जुनी साडेपंधरा इंची डिस्क चक्क वाजते, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं गाणं कोऱ्या फणीवर! पण सगळीकडे असं जमत नाही हं, एकाची डिस्क दुसऱ्याला सहसा लागत नाही, म्हणून डबा घ्यायच्या आधी त्याच्या डिस्क मिळतात का ते बघा, नाहीतर दोन गाण्यांवर जन्म काढाल.

माझा जीव मात्र तिसऱ्या प्रकारात, कागदी पट्टीच्या. हँडल फिरवायचं, भोकं पाडलेली पट्टी आत सरकते, भोक आलं की त्यात छोटं चाक अडकून फिरतं आणि दाताला छेडतं. पंच मारून गाणं आपलं आपण करायचं. स्वस्तातल्या बॉक्सला 15 दात, म्हणजे दोन सप्तकं आणि वरचा सा, सगळे शुद्ध, कोमल-तीव्र नाहीच! पहिल्यांदा कोमल गंधाराचं गाणं घेतलं आणि अडलोच की. मग डोक्यात आलं, सा हलवला तर? फणीचा रे हाच आपला सा धरायचा, की ग आणि नी आपोआप कोमल होतात, काफी थाट (थाट म्हणजे रागाचा सात स्वरांचा साचा) तयार. प ला सा धरला तर खमाज. ही युक्ती सापडली त्या रात्री मी झोपलोच नाही, बोटांना पंचचे घट्टे पडले.

दुसरी फजिती ऐका. एकच स्वर भराभर दोनदा हवा होता म्हणून भोकं अगदी शेजारी पाडली, दुसऱ्या वेळेला आवाजच नाही, कारण छेडणारं चाक परत जागेवर यायलाच हवं ना, त्याला साधारण 7-8 मिलिमीटर लागतात. दीड तासाची पट्टी कचऱ्यात. तेव्हापासून आधी पेन्सिलने खुणा, मग पंच. 30 दातांचा बॉक्स घेतलात तर काही कोमल-तीव्र स्वरही मिळतात, पण सुरुवात पंधरावरच करा, चुका लवकर दिसतात.

आणि एक, चावीवाला बॉक्स स्वतः खोलत असाल तर आधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्या. वेग आवरणारा छोटा पंखा चावी भरलेली असताना काढलात तर रूळ सुसाट सुटतो, खुंट्या वाकतात, दात तुटतात, एका क्षणात सगळं खलास.

जाता जाता एक गंमत सांगतो. कागदी पट्टीची दोन टोकं चिकटवताना अर्धा पीळ द्या. पहिल्या फेरीत गाणं सरळ वाजतं, दुसऱ्या फेरीत कागद पालथा होऊन आत जातो, सा चा सा राहतो पण रे चा नी, ग चा ध, आणि चढणारी प्रत्येक तान उतरायला लागते. माझं एक अगदी साधं गाणं असं पालथं झाल्यावर मूळच्यापेक्षा बरं लागलं, आता तेच वाजवतो.