भिंतीवरचा पासवर्ड

[दृश्य: कॅफेची भिंत. कागदावर पेनाने लिहिलेला वायफायचा पासवर्ड.]

चहा प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हा पासवर्ड दिसतो. मग इथल्या वायफायवर तुमचं गुपित ते गुपित राहतं का?

खरं तर हा पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत फोन आणि राउटर आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळतात. त्यातून २५६ बिटांची मूळ किल्ली निघते, दोघांकडे तीच. मग राउटर एक संख्या पाठवतो, त्याच क्षणी वाटेल तशी निवडलेली. फोन आपली संख्या कळवतो. या दोन संख्या, दोन्ही यंत्रांचे पत्ते आणि मूळ किल्ली मिळून त्या जोडणीपुरती नवी किल्ली तयार होते. पुढचं सगळं बोलणं याच किल्लीने कुलूपबंद होतं. एकूण चार निरोप, आणि पापणी लवायच्या आत काम झालेलं.

[दृश्य: कोपऱ्यातलं टेबल. उघडा लॅपटॉप.]

गोम अशी, की त्या दोन्ही संख्या उघड्यावर जातात. पासवर्ड ठाऊक असलेल्याने तुमची जोडणी होताना त्या टिपल्या, की तुमची किल्ली त्याच्याही हातात.

आणि पासवर्ड ठाऊक नसेल तर? टिपलेलं घरी न्यायचं आणि अंदाज लावत बसायचं. राउटरला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे स्वतःचा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवायची भारी हौस. दहा आकडे, पहिला सहा ते नऊमधला. म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम.

[दृश्य: फळा. खडूने लिहिलेली गणितं.]

२०१८ साली डब्ल्यूपीए३ आलं. त्याचं मूळ १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी मांडलेल्या कल्पनेत आहे. दोघं आपली संख्या मनातच ठेवतात आणि तिच्यावर गणित करून आलेलं उत्तर तेवढं एकमेकांना देतात. त्यावरून दोघांना एकच गुपित मिळतं, ऐकणाऱ्याला नाही. पासवर्ड फक्त हे गणित कुठून सुरू करायचं ते ठरवतो. त्यामुळे तो ठाऊक असून नुसतं ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ठाऊक नसेल, तर प्रत्येक अंदाजासाठी राउटरचंच दार वाजवावं लागतं.

[दृश्य: पुन्हा तीच भिंत.]

कोपऱ्यातल्या माणसाला मात्र आता नुसतं ऐकायचं नाहीये. त्याने बॅगेतून छोटा राउटर काढलाय. नाव कॅफेचंच, पासवर्ड भिंतीवरचाच. फोनच्या यादीत दोघांची मिळून एकच ओळ दिसते.